नव्या मिनी ट्रॅक्टरचा खरचटलेला रंग: टचअप करूनही त्याच जागी गंज का येतो

तक्रार साधारण अशी असते. नवा मिनी ट्रॅक्टर ट्रेलरवरून उतरवला तेव्हा पुढच्या एक्सलवर, रिमच्या कडेला आणि मागच्या ट्रंपेटवर (मागच्या एक्सलचं लोखंडी आवरण) रंग खरवडलेला होता. डिलिव्हरीआधी तिथे ब्रशने रंग लावून मिळाला. दिवाळीत सगळं छान दिसत होतं. पाऊस लागला आणि त्याच जागी पोपडा सुटला, खाली तपकिरी गंज. पुन्हा डबी आणली, पुन्हा रंग लावला आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. इंदूरच्या आसपासचं सांवेर, देपालपूर, महू, हातोद, फोन कुठूनही येवो, वर्णन जवळजवळ शब्दाला शब्द जुळतं.

मी इंदूरला नव्या ट्रॅक्टरांच्या डिलिव्हरीपूर्वीच्या तयारीचं काम बघतो आणि या बाबतीत माझं मत पक्कं आहे. डबी बदलून हा प्रश्न सुटत नाही. आधीचा टचअप कशामुळे सुटला ते पहिल्यांदा शोधायचं, मगच ब्रश हातात घ्यायचा. कारण तिथेच, सुटलेल्या रंगाच्या पाठीवर लिहिलेलं असतं.

पोपडा उलटा करून बघा

नखाने पोपडा अलगद उचला आणि उजेडात उलटा धरा. त्याची पाठ गुळगुळीत असेल आणि खाली ट्रॅक्टरवर कंपनीचा मूळ रंग तसाच चकाकत असेल, तर नवा रंग जुन्याला चिकटलाच नव्हता. एक तर घासलं नाही, नाहीतर तेलकटपणा राहिला. पाठीला तपकिरी भुकटी लागून आली असेल, तर रंग गंजावरच चढवला होता. अशा वेळी रंग गंजाला घट्ट धरून राहतो, पण गंजच लोखंडापासून सुटतो. प्रायमरही (रंगाखालचा पहिला थर) पोपड्याबरोबर निघून आला आणि खालचं लोखंड बऱ्यापैकी स्वच्छ दिसलं, तर लोखंड आणि प्रायमर यांच्यामध्ये काहीतरी होतं: घामाच्या हाताचा ठसा, डिझेल, नाहीतर ओल. आणि प्रायमर जागच्या जागी, फक्त वरचा रंग सुटला, तर दोन थरांमध्ये बरेच दिवस गेले आणि मधे कोणी घासलं नाही.

कधी पोपडा सुटत नाही, पण रंग लावल्यावर थोड्याच वेळात आक्रसतो, सुरकुत्या पडतात. तो थिनरचा प्रश्न आहे, त्यावर पुढे सविस्तर लिहितो. रंग पांढुरका, धुरकट वाळला तर हवेत दमटपणा जास्त होता. ओल्या रंगात बारीक गोल खड्डे पडून तळ दिसायला लागला, तर पृष्ठभागावर सिलिकॉन होतं. पेंटर लोक याला फिशआय म्हणतात आणि शोरूममध्ये चमक यावी म्हणून मारलेलं पॉलिश हे त्याचं नेहमीचं कारण.

खरवड किती खोल आहे

नवे ट्रॅक्टर ट्रेलरवर साखळीने किंवा कापडी पट्ट्याने बांधून इंदूरला येतात. राजकोटकडचा माल दाहोद, झाबुआ, धार करत येतो. दक्षिणेकडचा माल धुळ्याहून निघून सेंधव्याचा बिजासन घाट आणि मग मानपूरचा घाट चढून येतो. चढ-उतारावर ट्रॅक्टर पुढे-मागे ओढ घेतो, साखळी क्षणभर सैल होते, पुन्हा ताणली जाते. तिच्या कड्यांत अडकलेली धूळ आणि बारीक खडी तेवढ्या जागी रंग घासत राहते. म्हणून साखळीखालची खूण दिसायला दोन बोटांएवढी असली तरी बहुधा प्रायमर ओलांडून लोखंडापर्यंत पोचलेली असते. कापडी पट्ट्याची खूण मात्र चांगली रुंद दिसते, बघणारा घाबरतो आणि बहुतेक वेळा फक्त वरची चमक गेलेली असते.

फरक ओळखायला ओलं बोट पुरतं. ओरखड्यावर पाणी फिरवा. पाणी असेपर्यंत ओरखडा दिसेनासा झाला, तर तो वरच्या थरातच आहे. तिथे रंग लावूच नका. २००० नंबरचा वॉटर पेपर (नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक) भरपूर पाण्यात भिजवून हलका फिरवा, वर रबिंग कंपाउंड, काम झालं. नख अडकतं पण तळाशी प्रायमरची राखाडी दिसते, तर फक्त रंग गेलाय. तळाशी लोखंड चमकतं किंवा तपकिरी दिसतं, तर पुढचं सगळं काम करावं लागेल. काही खुणा तर खरवडच नसतात, शेजारच्या ट्रॅक्टरचा किंवा ट्रेलरच्या फळीचा रंग लागलेला असतो. तो टर्पेंटाइनच्या कापडाने आणि कंपाउंडने निघतो.

ही तपासणी ट्रॅक्टर उतरवतानाच करा. प्रत्येक खुणेचा फोटो काढा आणि ड्रायव्हर जाण्याआधी बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) तसा शेरा लिहून त्याची सही घ्या. डीलरकडून ताब्यात घेणाऱ्यांनी हाच शेरा डिलिव्हरी चलनावर मागावा. नंतर "हे तुमच्याकडेच झालं असेल" या वाक्याला फोटोशिवाय उत्तर नसतं.

डिझेलचा बोळा

रंग न चिकटण्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण मला विचाराल तर डिझेल. ट्रॅक्टर धुतला की डिझेलचा बोळा फिरवायचा, मस्त चमकतो, ही सवय घराघरात आहे. डिझेल उडून जात नाही. त्याचा पातळ तेलकट थर रंगाच्या बारीक भेगांत आणि खरवडीच्या कडेखाली शिरून बसतो. रॉकेलचंही तसंच. मग त्यावर कितीही महागाचा रंग लावा, तो तेलावर तरंगत राहतो.

स्वच्छतेचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी साबणाचं पाणी, कारण खताचे क्षार पाण्यातच विरघळतात, थिनरमध्ये नाही. पोटॅशच्या पोत्यातला मुख्य माल पोटॅशियम क्लोराइड असतो आणि क्लोराइड रंगाखाली राहिलं तर गंज आतून चालूच राहतो. भरपूर पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मग टर्पेंटाइन. इथे एक बारकावा आहे. टर्पेंटाइनच्या ओल्या कापडाने पुसलं की ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ कापडाने टिपून घ्यायचं. एकाच कापडाने पुसत राहिलं तर तेल निघत नाही, फक्त पसरतं. आणि हे सगळं घासण्याच्या आधी करायचं. आधी पॉलिश पेपर फिरवला तर तेल आणि सिलिकॉन ओरखड्यांमध्ये दाबलं जातं आणि मग ते काढणं फार कठीण.

झालं की नाही हे पाणीच सांगतं. त्या जागेवर थोडं साधं पाणी सोडा. सलग चादर पसरली तर जागा स्वच्छ. पाणी थेंब-थेंब होऊन फाटलं, तर तेल अजून आहे, पुन्हा पुसा.

घासणं आणि गंज

गंज असेल तर वायर ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचं. मग १८० आणि ३२० नंबरने आजूबाजूच्या मूळ रंगाची कड उतरती करायची. यात घाई करू नका. शाबूत रंगापासून लोखंडापर्यंत पायरी राहिली, तर नवा रंग त्या पायरीवर पातळ बसतो आणि पहिली भेग तिथेच जाते. डोळे मिटून बोटाचं टोक कडेवरून फिरवा. कुठेही अडकलं नाही पाहिजे. डोळ्यांना न दिसणारी पायरी बोटाला लगेच कळते. खरवडीच्या भोवती तीन-चार सेंटीमीटरपर्यंत मूळ रंगाची चमकही ४०० नंबरने मारा. पावडर कोटिंगच्या (कोरडी भुकटी भट्टीत वितळवून चढवलेल्या रंगाच्या) रिमवर तर हे फारच गरजेचं, कारण तो थर इतका गुळगुळीत असतो की न घासता लावलेला रंग चिकटपट्टीबरोबर निघून येतो.

खड्ड्यांत बसलेला गंज घासून जात नसेल, तर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर लावा. ते गंजाचं रूपांतर लोह फॉस्फेटमध्ये करतं आणि तो थर प्रायमरला चांगला धरतो. डब्यावर सांगितलेल्या वेळेनंतर ते पुसून, धुऊन, वाळवलंच पाहिजे. ओलं ॲसिड प्रायमरखाली राहिलं तर फोड येतात. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करा.

उघडं केलेलं लोखंड त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. घामात मीठ असतं. आणि प्रायमर त्याच दिवशी लावायचा, पावसाळ्याच्या तोंडावर तर त्याच तासात. सकाळी घासून ठेवलेलं एक्सल दुपारपर्यंत नुसत्या हवेने पिवळसर पडलेलं मी कित्येकदा पाहिलं आहे.

प्रायमर आणि रंग यांचं जमतं का

महूजवळच्या एका काकांनी फोन केला होता. "अहो, रेड ऑक्साइड लावलं, दोन दिवस वाळवलं, वर डबीचा स्प्रे मारला आणि बघता बघता सगळं आक्रसून आलं. रंग बनावट निघाला का?"

"काका, रंगही चांगला आहे आणि प्रायमरही. त्या दोघांचं एकमेकांशी जमत नाही."

रेड ऑक्साइड प्रायमर आणि सिंथेटिक इनॅमल हे दोन्ही तेलाच्या जातीचे. ते टर्पेंटाइनमध्ये पातळ होतात आणि हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश कडक होतात. हात लावून वाळलेले वाटले तरी आतून कित्येक दिवस मऊ असतात. त्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, म्हणजे पेंटर ज्याला ड्यूको म्हणतात तो, किंवा बाजारातला सर्वसाधारण स्प्रे कॅन मारला, की त्यातलं जहाल थिनर खालच्या थरात शिरतं, थर फुगतो आणि सुरकुततो. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचं थिनरही असाच दगा देऊ शकतं. लक्षात ठेवायचं ते एवढंच: सौम्य थिनरचा रंग जहाल थिनरच्या वाळलेल्या रंगावर चालतो, उलट चालत नाही.

ट्रॅक्टरवर आधीपासून काय आहे, हे कळायला दडलेल्या जागी, उदाहरणार्थ मडगार्डच्या आतल्या बाजूला, एनसी थिनरचा कापूस थोडा वेळ दाबून धरा. रंग सरळ कापसावर उतरला तर एनसी. रंग फुगला, मऊ पडला तर हवेत वाळलेलं इनॅमल, म्हणजे बहुधा कोणाचा तरी जुना टचअप. काहीच झालं नाही तर पीयू, पावडर कोटिंग किंवा भट्टीत भाजलेला रंग. नव्या ट्रॅक्टरच्या मूळ रंगावर सहसा हेच तिसरं उत्तर मिळतं. तो रंग दणकट असतो, त्यावर नीट घासून कुठलाही रंग बसतो. अडचण येते ती मधल्या टचअपची. आधीचा टचअप इनॅमलचा निघाला आणि तुम्हाला स्प्रे मारायचा असेल, तर तो टचअप पूर्ण खरवडून काढा.

घरी करणाऱ्याला माझा सल्ला: एक्सल, ट्रंपेट, ड्रॉबार, रिम यांना रेड ऑक्साइड आणि वर सिंथेटिक इनॅमल, दोन्ही ब्रशने. रेड ऑक्साइडला किमान एक पूर्ण दिवस द्या, ४०० नंबरने हलकं घासा, मग इनॅमलचे दोन पातळ हात, मधे एक रात्र. एकच जाड हात दिला तर वरची साय वाळते आणि आतला रंग ओलाच राहतो. आणि प्रायमर वगळून थेट रंग कधीच लावू नका. नुसता रंग पाण्याची वाफ आणि हवा बऱ्यापैकी आत जाऊ देतो, लोखंडाला धरून ठेवणारा आणि गंज रोखणारा थर प्रायमरचाच.

बॉनेटचं काम वेगळं आहे. तिथे डोळा जातो, म्हणून एपॉक्सी प्रायमरवर पीयू आणि तेही चांगल्या पेंटरकडून. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासातून गेला तर दमा जडू शकतो आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. नाकाला रुमाल बांधून गोठ्यात पीयू मारणाऱ्या पोरांना मी हात जोडून थांबवतो. त्याला योग्य फिल्टरचा मास्क आणि मोकळी हवा लागतेच. बॉनेटवर तांदळाएवढा टवका असेल तर फवाऱ्याची गरजच नाही. बारीक ब्रशच्या किंवा काडीच्या टोकाने आधी प्रायमरचा, तो वाळल्यावर रंगाचा थेंब खड्ड्यात सोडायचा, थेंब थोडा वर आला पाहिजे. पूर्ण कडक झाल्यावर २००० नंबरने बरोबर करायचा. काही मॉडेलांचं बॉनेट किंवा मडगार्ड प्लॅस्टिकचं असतं. तिथे गंजाची चिंता नाही, पण प्लॅस्टिक प्रायमरशिवाय रंग टिकत नाही.

माळव्यातली हवा

रंगकामात सर्वमान्य नियम असा की हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा, किमान ३ अंशांनी जास्त हवं. आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावर रंग नको. कार्तिकात-मार्गशीर्षात दिवस कोरडा असतो, पण पहाटे दव पडतं आणि एक्सलसारखा जाड लोखंडाचा भाग हवेपेक्षा उशिरा तापतो. त्यावरची ओल डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा दहाच्या आधी सुरू करू नका आणि चारपर्यंत रंग वाळायला लागलेला असू द्या. मे महिन्यात उलट. उन्हात तापलेल्या बॉनेटवर रंगाची साय लगेच धरते, आतलं थिनर नंतर फुटून बाहेर पडतं आणि सुईने टोचल्यासारखी छिद्रं राहतात. हात ठेवता येत नसेल एवढा पत्रा तापलेला असेल, तर ट्रॅक्टर सावलीत घ्या आणि थांबा.

काळ्या मातीचाही यात वाटा आहे. ती एक्सलला चिकटून दिवसेंदिवस ओल धरते. बागेसाठी मिनी ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी फवारणीचं भान ठेवावं. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) जमलं का हे बघायला त्यात विळा बुडवतात. विळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, मोरचूद मोकळं आहे. तेच मोकळं मोरचूद एक्सलच्या खरवडलेल्या जागी पडतं, तिथे तांबं बसतं, त्याच्या बदल्यात लोखंड विरघळतं आणि पुढे त्या तांब्यालगत गंज आणखी वेगाने वाढतो. फवारणीनंतर ट्रॅक्टर त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा.

छटा

यावर लोक फार वेळ घालवतात, म्हणून थोडक्यात. पहिली पसंती कंपनीच्या पार्ट काउंटरवरच्या डबीला. ती नसेल तर बॅटरीचं झाकण किंवा बाजूचं छोटं पॅनेल काढून इंदूरच्या सियागंज बाजारात रंगाच्या दुकानात घेऊन जा, मोबाइलमधला फोटो चालत नाही. इनॅमलच्या डब्यांवर आयएस ५ या भारतीय मानकाचे छटांचे नंबर असतात. ६३२ म्हणजे गडद राखाडी, ५३७ म्हणजे सिग्नल रेड. चेसिसच्या राखाडीला त्यातलं जवळपासचं काही चालून जातं, बॉनेटच्या लालला किंवा नारिंगीला चालत नाही. रंग आधी पुठ्ठ्यावर लावून वाळवा, कारण ओला आणि वाळलेला सारखा दिसत नाही, आणि दिवसाच्या उजेडात सावलीत ठेवून ताडून बघा. ट्रॅक्टर वर्षभर उन्हात राहिलेला असेल तर ठिगळ दिसणारच. तिथे ठिगळ न मारता पॅनेल कडेपासून कडेपर्यंत रंगवा.

रंग लावायचाच नाही अशा जागा

काही ठिकाणी गंज परत येतो कारण ती जागा रंगासाठी नाहीच. पीटीओ शाफ्टच्या (अवजाराला इंजिनची ताकद देणाऱ्या दांड्याच्या) खाचा, अवजार जोडणाऱ्या लोअर लिंकचे गोळे, टॉप लिंकची पिन, ड्रॉबारची भोकं: इथे लोखंड लोखंडावर घासतं. इथे ग्रीस. लोअर लिंकच्या आतल्या बाजूला एकाच जागी रंग पुन्हा पुन्हा जात असेल, तर चेक चेन (लिंकचं डावं-उजवं हलणं रोखणारी साखळी) सैल आहे का बघा. हायड्रॉलिक पाइप किंवा वायरिंग कुठे घासत असेल, तर आधी क्लिप सरकवा, मग रंग.

ग्रीस निपल, ब्रीदरचं छिद्र, स्टिअरिंग सिलिंडरचा चकचकीत दांडा, रेडिएटरच्या पापण्या, बॅटरीच्या अर्थिंगचा बोल्ट आणि रबरी बूट यांना मास्किंग टेप लावून मगच ब्रश उचला. चेसिस नंबर जिथे ठोकलेला असतो तिथे जाड रंग भरू देऊ नका. पासिंगच्या वेळी तो स्पष्ट वाचता आला पाहिजे.

रिमचं काम करताना सर्वांत जपायची जागा म्हणजे चाकाचे नट बसतात ती. रिमच्या त्या बैठकीवर रंगाचा जाड थर राहिला तर नट वरवर घट्ट वाटतो. ट्रॅक्टर चालू लागला की थर चुरडतो, नटाची पकड ढिली होते आणि चाक हलायला लागतं. तिथे टेप लावा. आधीच कोणी रंगवलं असेल तर तो रंग काढून टाका, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि काही तास काम झाल्यावर पुन्हा तपासा. इनॅमल पूर्ण कडक व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर प्रेशर वॉशर लांब ठेवा. त्यानंतर टचअपवर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढून बघा. पट्टी कोरी आली तर खालचं काम नीट बसलं आहे. पट्टीला रंग लागून आला, तर त्याची पाठ बघा आणि वर सांगितल्याप्रमाणे कारण शोधून तेवढाच भाग पुन्हा करा, पाऊस लागायच्या आत.